मॉडेल खुलं घ्यावं की विकतचं? मुंबईतल्या छोट्या ऑफिससाठी निवडीची रीत

सोसायट्यांचे हिशेब सांभाळणारं दादरचं ऑफिस असो, फोर्टमधलं वकिलांचं चेंबर असो, सीएची फर्म असो की गिरगावातलं एखादं प्रकाशन, चॅटजीपीटीसारखं भाषेचं मॉडेल कामाला लावायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो ‘सगळ्यात चांगलं कुठलं?’ हा. तिथून सुरुवात केली की पैसे वाया जातात. निवड अख्ख्या ऑफिससाठी एकदाच करायची नसते, ती एकेका कामासाठी करायची असते. थकबाकीच्या नोटिशींचे मसुदे विकतच्या मॉडेलकडून आणि सभासदांच्या तक्रारींची वर्गवारी स्वतःच्या मशीनवरच्या खुल्या मॉडेलकडून, असं एकाच टेबलावर चालू शकतं. बऱ्याच ठिकाणी तेच सोयीचंही पडतं.

‘खुलं’ किती खुलं

ज्याला आपण सरसकट ओपन सोर्स म्हणतो, त्यातली बहुतेक मॉडेल्स खरं तर ‘ओपन वेट्स’ आहेत. वेट्स म्हणजे शिकून तयार झालेल्या आकड्यांची मॉडेलची फाइल. ती उतरवून घेता येते, चालवता येते, पण ते कोणत्या मजकुरावर शिकलं ते कंपनी सांगत नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने ऑक्टोबर २०२४ मध्ये खुल्या एआयची व्याख्या १.० जाहीर केली, त्या कसोटीवर अनेक गाजलेली ‘खुली’ मॉडेल्स बसत नाहीत. एआय-टू संस्थेचं ओल्मो मात्र प्रशिक्षणाचा डेटा आणि कोडही देतं.

ऑफिसच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो परवाना. अपाची २.० आणि एमआयटी हे दोन परवाने दिसले की निश्चिंत व्हा, धंद्यात वापरा, हवे ते बदल करा. मिस्ट्रल ७बी (बी म्हणजे अब्ज पॅरामीटर, मॉडेलमधल्या आकड्यांची संख्या), क्वेन ३ आणि ओपनएआयची जीपीटी-ओएसएस २०बी व १२०बी ही अपाचीखाली आहेत, डीपसीक आर१ एमआयटीखाली. लामा ३.१ला मेटाचा स्वतःचा परवाना आहे. ७० कोटींहून जास्त मासिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना त्यात वेगळी परवानगी लागते. ती अट आपल्याला लागू होणार नाही, पण त्यावर उभं केलेलं उत्पादन दुसऱ्याला दिलंत तर ‘बिल्ट विथ लामा’ असं ठळक लिहावं लागतं, हे लक्षात ठेवा. जेमा ३ गूगलच्या अटींवर मिळतं. त्यात निषिद्ध वापरांची यादी आहे आणि मॉडेल पुढे कुणाला देताना त्याच अटी सोबत द्याव्या लागतात.

सगळ्यात जास्त गफलत होते ती एकाच घराण्यातल्या वेगवेगळ्या आकारांत. क्वेन २.५ची बहुतेक मॉडेल्स अपाचीखाली, पण त्यातलं ३बी फक्त संशोधनासाठी आणि ७२बीला आणखी वेगळा परवाना. म्हणून घराण्याचं नाव पाहून थांबू नका, जी फाइल उतरवणार तिच्याच पानावरचा परवाना वाचा. दुसऱ्या कुणी सुधारून ठेवलेली आवृत्ती असेल तर मूळ मॉडेलपर्यंत मागे जा. वर ‘अपाची’ लिहिलेलं असतं आणि खाली पाया निघतो लामाचा.

खुलं आणि विकतचं यांच्यामध्ये तिसरा मार्गही आहे: मॉडेल खुलं, पण चालतं दुसऱ्याच्या सर्व्हरवर, टोकनमागे (टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा) पैसे देऊन. म्हणून दोन प्रश्न कायम वेगळे ठेवा. मॉडेल कुणी बनवलं? आणि ते चालतं कुठे? डीपसीकचं ॲप वापरलं तर मजकूर चीनमधल्या सर्व्हरवर जातो. त्याच कंपनीची वेट्स तुमच्या मशीनवर, इंटरनेट काढून चालवली तर काहीच कुठे जात नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितलेली बरी. प्रत्येक कामाला गप्पा मारणारं मॉडेल लागत नाही. तक्रार पाण्याची आहे, पार्किंगची की लिफ्टची एवढंच ठरवायचं असेल, तर पुण्याच्या एल३क्यूबचं महाबर्टसारखं छोटं मराठी मॉडेल, तुमच्या हजारभर वर्गवारी केलेल्या जुन्या तक्रारींवर शिकवलेलं, साध्या प्रोसेसरवरही झपाट्याने चालतं. नुसता अनुवाद हवा असेल तर एआय४भारतचं इंडिकट्रान्स२ आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांसाठी आहे आणि खुलं आहे. मोठ्या मॉडेलचं बिल सुरू करण्याआधी हे दोन पर्याय तपासा.

पहिली पायरी: कामं आणि कागद वेगळे करा

एक्सेलमध्ये एका ओळीत एक काम लिहा. रोज किती कागद, प्रत्येकी किती पानं, उत्तर किती लांब, किती वेळात हवं, आणि चूक झाली तर काय बिघडतं. शेवटचा रकाना नीट भरा, पुढची अर्धी निवड तिथेच होते.

मग कागदांचे तीन गठ्ठे. सार्वजनिक कागद, म्हणजे शासन निर्णय, आदर्श उपविधी, कायदे. ऑफिसचे अंतर्गत कागद, म्हणजे मसुदे, इतिवृत्तं, दरपत्रकं. आणि माणसांची माहिती असलेले कागद, म्हणजे आधार, पॅन, बँकेचे तपशील, तपासणीचे रिपोर्ट, लीव्ह अँड लायसन्सचे करार. या तिसऱ्या गठ्ठ्याला २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लागू होतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. माहिती जपण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. वकील आणि सीए यांना व्यवसायाच्या गोपनीयतेचं बंधन याशिवाय आहेच.

आमचा सल्ला सरळ आहे: तिसरा गठ्ठा एक तर स्वतःच्या मशीनवर, नाही तर नावं झाकूनच बाहेर. झाकायचं म्हणजे नावाच्या जागी ‘सभासद-१’, फ्लॅटच्या जागी ‘सदनिका-१’ असं घालायचं आणि कोण कोण याची यादी ऑफिसातच ठेवायची. पॅन (पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर), आधार (१२ अंक) आणि मोबाइल (६ ते ९ने सुरू होणारे १० अंक) साध्या नमुना-शोधाने सापडतात. अंक देवनागरीत लिहिलेले असू शकतात, तेही शोधात घ्या. फसतं ते नावांत. यादीत ‘देशपांडे’ आणि ‘सावंत’ असतं, पण पत्रात ‘देशपांड्यांनी’, ‘सावंतांकडून’ असतं. सरळ शोधा-बदला केलं की ‘देशपांड्यांनी’ तसंच निसटतं आणि ‘सावंतांकडून’चं ‘सभासद-२ांकडून’ असं काहीतरी होतं. म्हणून प्रत्येक आडनावाचं सामान्यरूपही यादीत घाला आणि बाहेर पाठवण्याआधी पहिले १०० कागद माणसाने डोळ्यांखालून घाला.

दुसरी पायरी: स्वतःच्या कागदांचा चाचणीसंच

ही पायरी गाळून पुढे जाऊ नका. इंटरनेटवरच्या क्रमवाऱ्या मुख्यतः इंग्रजीतल्या प्रश्नांवर बेतलेल्या असतात, तुमच्या नोटिशीबद्दल त्या काही सांगत नाहीत. दर कामाचे ५० जुने कागद घ्या: ३० नेहमीचे, १५ अवघड आणि ५ असे की ज्यांचं उत्तर कागदात नाहीच. त्या पाचांवर मॉडेलने ‘माहिती दिलेली नाही’ म्हणायला हवं. बरोबर उत्तरं आधी लिहून ठेवा, आणि ती रोज ते काम करणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या.

अवघड नमुना कसा असावा ते एका उदाहरणावरून बघा. मॉडेलला हा मजकूर द्या: ‘सभासदाकडे एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांचे दरमहा सव्वातीन हजार याप्रमाणे देखभाल शुल्क थकले असून त्यांनी ऑगस्टमध्ये पावणेपाच हजार भरले आहेत. थकबाकीची नोटीस तयार करा.’ बरोबर हिशेब असा: सहा महिने, ३,२५० गुणिले ६ म्हणजे १९,५००, त्यातून ४,७५० वजा, बाकी १४,७५० रुपये. इथे पाच ठिकाणी घसरगुंडी होऊ शकते. सव्वातीनचे ३,१२५ होतात. पावणेपाचचे ५,७५० होतात. एप्रिल ते सप्टेंबर पाच महिने मोजले जातात. आलेली रक्कम वजा करायची राहते. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे मॉडेल मागितलेलं नसताना ‘वार्षिक अमुक टक्के व्याजासह’ असं वाक्य घालतं, कारण त्याने पाहिलेल्या नोटिशींत ते असतं. ठराव नसताना असं व्याज लावलेली नोटीस सभासदाच्या हाती पडली तर निस्तरायला सेक्रेटरीलाच बसावं लागतं.

तपासताना तीन रकाने ठेवा: आकडे, नावं-तारखा, भाषा. आकड्यांत एक चूक म्हणजे तो कागद नापास, बाकी मराठी कितीही गोड असो. भाषेच्या रकान्यात हिंदीची सरमिसळ, क्रियापदाचं लिंग, तुटलेली जोडाक्षरं आणि १,००,००० ऐवजी १००,००० असा स्वल्पविराम पाहा. ०५/०६ ही तारीख ६ मे झाली का तेही बघा. कुठलं उत्तर कुठल्या मॉडेलचं हे तपासणाऱ्याला कळू देऊ नका, नाहीतर महाग नावाला आपोआप जास्त गुण पडतात. टेम्परेचर (उत्तरात किती फेरफार चालेल ते ठरवणारी सेटिंग) ० ठेवलं तरी उत्तर दर वेळी तंतोतंत तेच येईल याची खात्री नसते, म्हणून प्रत्येक कागद तीनदा चालवा.

शेवटी चौथा आकडा लिहा: हे उत्तर पाठवण्याजोगं करायला माणसाला किती मिनिटं लागली. गुणांच्या टक्केवारीपेक्षा आमचा भरवसा या मिनिटांवर जास्त आहे. दहापैकी आठ बरोबर देणारं, पण उरलेल्या दोनांतली चूक लपवणारं मॉडेल वापरायला महाग पडतं.

निवडलेल्या मॉडेलची अधिकृत भाषायादीही पाहा. लामा ३.१च्या आठ अधिकृत भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. म्हणूनच त्याच्या मराठीत मध्येच ‘के लिए’ डोकावतं. जेमा ३ला १४०हून अधिक भाषा येतात असं गूगल सांगतं, आणि छोट्या आकारात मराठीसाठी सुरुवात तिथूनच करावी असं आम्ही म्हणू. सर्वम-एम हे मे २०२५ मध्ये आलेलं, मिस्ट्रल स्मॉलवर बेतलेलं २४ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल भारतीय भाषांसाठी घडवलेलं आहे. मशीनमध्ये जागा असेल तर त्यालाही याच ५० कागदांना बसवा.

तिसरी पायरी: खर्चाचं गणित

बिल शब्दांवर येत नाही, टोकनवर येतं, आणि मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. किती जास्त, ते मॉडेलच्या टोकनायझरवर, म्हणजे मजकुराचे टोकन पाडणाऱ्या भागावर, ठरतं. ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना दिलेल्या नमुन्यात त्याच मराठी मजकुराचे टोकन जुन्या ९६ वरून ३३वर आले. म्हणजे दर तोच राहिला तरी बिल एक तृतीयांश. म्हणून दहा लाख टोकनचा दर दोन कंपन्यांत थेट ताडून पाहू नका. तुमचं एक पान दोन्हींच्या टोकनायझरमधून मोजा आणि पानामागचा खर्च काढा.

समजा दिवसाला २०० कागद, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ५,०००. प्रत्येक कागदाला सूचना धरून १,५०० टोकन आत आणि ३०० बाहेर. महिन्याला ७५ लाख आत, १५ लाख बाहेर. डॉलर ९० रुपये धरू.

छोटं विकतचं मॉडेल, दर दहा लाखांना ०.१५ डॉलर आत आणि ०.६० बाहेर (जुलै २०२४ मध्ये जीपीटी-४ओ मिनी याच दराने आलं): २.०३ डॉलर, १८ टक्के जीएसटी धरून सुमारे २१५ रुपये. मोठं मॉडेल ३ आणि १५ डॉलर दराने: ४५ डॉलर, जीएसटीसह सुमारे ४,७८० रुपये. स्वतःचं मशीन एक लाखाचं धरलं आणि तीन वर्षांत वसूल करायचं ठरवलं तर महिन्याला २,७७८. वीज ३०० वॅट, दिवसाला १० तास, महिन्याला ७५ युनिट, युनिटला १२ रुपये धरून ९००. एकूण ३,६७८, आणि त्यावर ते सांभाळणाऱ्या माणसाचा वेळ.

म्हणजे इतक्या कामाला पैसे वाचवायचे म्हणून मशीन घेण्यात काही अर्थ नाही. मशीन घ्यायचं ते कागद बाहेर जाऊ नयेत म्हणून. काम वीसपट झालं, महिन्याला एक लाख कागद, तर चित्र पालटतं: छोटं विकतचं ४,३००, मोठं ९५,५८०, आणि मशीनचा खर्च तेवढाच राहतो, कारण दिवसाचे दहा तास वर धरलेलेच आहेत. एका कागदाला आठ सेकंद धरले तर एक लाख कागदांना २२२ तास लागतात, म्हणजे रोजच्या दहा तासांत जेमतेम मावतात. हे आठ सेकंद ८ अब्जांच्या छोट्या मॉडेलचे आहेत. ते मॉडेल दुसऱ्या पायरीत पास झालं असेल तरच ही तुलना खरी.

क्लाउडवर ग्राफिक्स कार्ड भाड्याने घ्यायचं असेल तर एकच खबरदारी: ते बंद करायला विसरू नका. तासाला १०० रुपये धरले तर दहा तास, २५ दिवसांचे २५,००० होतात, आणि महिनाभर चालूच राहिलं तर ७२,०००.

विकतच्या बाजूला खर्च उतरवायच्या दोन वाटा आहेत. लगेच उत्तर नको असेल तर बॅचमध्ये, म्हणजे गठ्ठ्याने, पाठवा, ओपनएआय आणि अँथ्रोपिक दोघेही त्याला निम्मा दर लावतात. आणि दर वेळी जाणारी तीच लांब सूचना मजकुराच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे प्रॉम्प्ट कॅशिंगची (सुरुवातीचा तोच मजकूर पुन्हा आला की मिळणारी) सवलत लागू होते. तारीख किंवा सभासदाचं नाव सूचनेच्या पहिल्या ओळीत घातलं की ती सवलत गेली.

चौथी पायरी: मशीन किती मोठं

सूत्र सोपं आहे. प्रत्येक पॅरामीटर किती बिटमध्ये साठवला यावर जागा ठरते: एक अब्ज पॅरामीटरला १६ बिटमध्ये २ जीबी, ४ बिटमध्ये अर्धा जीबी, प्रत्यक्षात थोडं जास्त. लामा ३.१चं ८ अब्जांचं मॉडेल नेहमीच्या क्यू४-के-एम या ४ बिटच्या रूपात सुमारे ४.९ जीबी भरतं. जेमा ३चं १२बी सुमारे ८, आणि २७बी सुमारे १७ जीबी. जीपीटी-ओएसएस २०बी १६ जीबी मेमरीत बसेल असंच बनवलेलं आहे.

यावर मजकुराची मेमरी वेगळी, आणि लोक विसरतात ती हीच. लामा ३.१च्या ८बीला प्रत्येक टोकनमागे १२८ केबी लागतात. ८,१९२ टोकनला १ जीबी, ३२,७६८ला ४ जीबी, आणि जाहिरातीत सांगितलेले पूर्ण १२८ हजार वापरायचे तर १६ जीबी, म्हणजे मॉडेलच्या तिप्पट. १२ जीबीच्या ग्राफिक्स कार्डवर ४.९ अधिक ४ बसतं. त्यापुढे मॉडेलचे थर साध्या रॅममध्ये सांडतात आणि वेग एकदम कोसळतो.

का कोसळतो तेही आकड्यांत बघा. प्रत्येक टोकन काढताना सगळी वेट्स एकदा वाचावी लागतात, म्हणून वेगाची कमाल मर्यादा म्हणजे मेमरीचा वेग भागिले मॉडेलचा आकार. आरटीएक्स ३०६० १२ जीबीचा वेग सेकंदाला ३६० जीबी, भागिले ४.९, म्हणजे कमाल ७३ टोकन. प्रत्यक्षात ४५च्या आसपास धरा. दोन पट्ट्यांची डीडीआर४-३२०० रॅम ५१.२ जीबी देते, म्हणजे कमाल १० टोकन. आरटीएक्स ४०९०ला २४ जीबी आणि १,००८ जीबीचा वेग आहे, पण ते ४५० वॅट खातं.

लॅमिंग्टन रोडला कार्ड घ्यायला गेलात तर नुसतं ‘३०६० द्या’ म्हणू नका. ते ८ जीबीतही येतं, आणि त्याचा मेमरीचा वेगही ३६० ऐवजी २४० जीबीच आहे. खोक्यावरचं १२ जीबी स्वतः वाचा, बिलावर जीएसटी क्रमांक आणि कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो. जुनं कार्ड असेल तर दुकानातच अर्धा तास पूर्ण भारावर चालवून तापमान बघा. ३०६०ला ५५० वॅटचा चांगल्या प्रतीचा पॉवर सप्लाय पुरतो. घेण्याआधी कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी बसते का मोजा. मशीन माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवू नका. मुंबईची दमट, समुद्राजवळ खारी हवा आणि कोंडलेली उष्णता दोन्ही कार्डाला मारतात. धुळीची जाळी महिन्याला साफ करा आणि यूपीएस लावाच.

एकावेळी एकदोन माणसं वापरणार असतील तर ओलामा किंवा एलएम स्टुडिओ हे मॉडेल चालवणारे प्रोग्राम पुरे. पाच-सहा टेबलांवरून एकदम विचारणा येणार असेल तर व्हीएलएलएम लावा, ते अनेक विचारणा एकत्र हाकतं.

मशीनवर काय फसतं

लांब करार दिला आणि मॉडेलला सुरुवातीची कलमंच ठाऊक नाहीत असं दिसलं, तर दोष बहुधा मॉडेलचा नसतो. ओलामाच्या अनेक आवृत्त्यांत कॉन्टेक्स्ट, म्हणजे मॉडेल एका वेळी पाहू शकतं तेवढा मजकूर, मुळात २,०४८ किंवा ४,०९६ टोकनचाच ठेवलेला असतो आणि वरचा मजकूर काही न सांगता कापला जातो. मराठी पानाला टोकन जास्त, म्हणून हे तीनचार पानांतच घडतं. कॉन्टेक्स्ट हाताने वाढवा आणि कराराच्या पहिल्या कलमावर एक प्रश्न विचारून खात्री करा.

उत्तर थांबतच नाही, किंवा मॉडेल स्वतःच पुढचा प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देतं, तर चॅट टेम्पलेट, म्हणजे प्रश्न कुठे संपतो आणि उत्तर कुठे सुरू होतं हे सांगणारा साचा, चुकलेला आहे. त्याच मॉडेलची अधिकृत फाइल घ्या, किंवा सूचना पाळायला शिकवलेल्या ‘इन्स्ट्रक्ट’ऐवजी नुसता मजकूर पुढे नेणारं ‘बेस’ उतरवलं नाही ना ते बघा.

इंग्रजी ठीक आणि मराठी मात्र अडखळते, तर क्वांटायझेशन, म्हणजे बिट कमी करून फाइल लहान करणं, पाहा. बिट कमी केल्याचा फटका लॅटिन नसलेल्या लिप्यांच्या भाषांना जास्त बसतो. ३ बिटवर जाऊ नका. ४ बिट आणि ८ बिट दोन्हींवर तोच चाचणीसंच चालवा. कधी १२बी ४ बिटमध्ये घेण्यापेक्षा छोटं मॉडेल ८ बिटमध्ये चांगलं ठरतं, कधी उलटं. कागद चालवल्याशिवाय कळत नाही.

जुन्या फाइल्सचं दुखणं फार ऑफिसांत आहे. श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, आत मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो. खुलं असो वा विकतचं, कुठल्याही मॉडेलला तो भरवशाने वाचता येणार नाही. आधी युनिकोडमध्ये बदला, आणि बदलल्यावर ‘ऱ्या’, ‘ॲ’ आणि रफार नीट उतरले का ते पाहा. स्कॅन असेल तर टेसरॅक्टला मराठी येतं, पण ३०० डीपीआयखाली स्कॅन करू नका, आणि रकमांचे आकडे मूळ कागदाशी ताडूनच घ्या.

सुरक्षेची चूक सगळ्यात महागात पडते. ओलामा मुळात फक्त त्याच मशीनवरून ऐकतं, पोर्ट ११४३४. दुसऱ्या टेबलावरून वापरता यावं म्हणून कुणी ते सगळ्यांसाठी उघडतं, राउटरवर तोच पोर्ट बाहेर काढला जातो, आणि त्याला पासवर्ड नसतो. कागद बाहेर जाऊ नयेत म्हणून मशीन घेतलं आणि दार सताड उघडं, असं होऊ देऊ नका. ऑफिसच्या नेटवर्कपुरतंच ठेवा, बाहेरून लागलं तर व्हीपीएनमधून.

विकतचं घेताना

एकाच कंपनीचं चॅट ॲप आणि एपीआय (प्रोग्राममधून मॉडेल वापरायची सोय) यांच्या अटी वेगळ्या असतात. ओपनएआय १ मार्च २०२३पासून एपीआयमधला मजकूर, तुम्ही मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय, प्रशिक्षणाला वापरत नाही. वैयक्तिक खात्याच्या चॅट ॲपमध्ये मात्र ती सेटिंग स्वतः जाऊन बंद करावी लागते. जेमिनी एपीआयच्या फुकट स्तरावरचा मजकूर गूगल उत्पादनं सुधारायला वापरू शकतं, पैसे भरलेल्या स्तरावर नाही. ऑफिसातल्या प्रत्येकाने आपापल्या फुकट खात्यात सभासदांचे कागद चिकटवणं ही आज सगळ्यात मोठी गळती आहे. ऑफिसचं एकच पैसे भरलेलं व्यावसायिक खातं काढा आणि फुकटचं बंद करा.

प्रशिक्षणाला वापरत नाही याचा अर्थ साठवत नाही असा होत नाही. गैरवापर तपासायला मजकूर काही दिवस ठेवला जातो, साधारण ३० दिवस. करारात तो आकडा शोधा. ‘सर्व्हर मुंबईत’ हेही नीट विचारा. ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई रीजन (सर्व्हरचं केंद्र) २०१६पासून आहे, पण एखादं मॉडेल तिथून निवडलं तरी विचारणा दुसऱ्या रीजनकडे वळवली जाऊ शकते. ज्या मॉडेलला जी सोय लागू आहे ती त्याच्याच पानावर वाचा.

पैसे भरताना: परदेशी सेवेवर नोंदणीकृत व्यवसायाला रिव्हर्स चार्जने (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरून) १८ टक्के जीएसटी भरावा लागतो आणि पात्र असाल तर त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं. खात्यात जीएसटी क्रमांक पहिल्याच दिवशी घाला. कार्डावर परकीय चलनाचा मार्कअप वेगळा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या ई-मॅन्डेट नियमांमुळे १५,००० रुपयांवरच्या आपोआप वजावटीला ओटीपी लागतो आणि परदेशी बिलांची वजावट अनेकदा अडते. आपोआप रिचार्जवर भिस्त ठेवलीत तर महिनाअखेरीला, नेमकं बिलांच्या गर्दीत, काम थांबेल. दोन महिन्यांचं क्रेडिट आधी भरून ठेवा आणि खर्चाची कमाल मर्यादा लावा.

मॉडेलचं नाव लिहिताना नुसतं घराण्याचं नाव देऊ नका, तारीख असलेली आवृत्ती द्या. नुसत्या नावामागचं मॉडेल कंपनी बदलते आणि काल बरोबर येणारी नोटीस आज वेगळी येते. तारखेची आवृत्तीही कधीतरी निवृत्त होते, त्याची सूचना ईमेलवर येते. ती रोज उघडल्या जाणाऱ्या पत्त्यावर येऊ द्या.

अदलाबदलीची सोय

ओलामा आणि व्हीएलएलएम दोन्ही ओपनएआयच्या पद्धतीचा एपीआय देतात. म्हणून तुमच्या प्रोग्राममध्ये पत्ता, चावी आणि मॉडेलचं नाव या तीनच गोष्टी एका सेटिंग फाइलमध्ये ठेवा. बदल करायचा तर तिथेच. सूचना मात्र जशीच्या तशी चालत नाही. मोठ्या मॉडेलला एका ओळीत कळतं, ते ८बीला दोन सोडवलेली उदाहरणं देऊन सांगावं लागतं, आणि उत्तर ठरावीक रकान्यांतच हवं असेल तर जेसन या मांडणीचा साचा सक्तीचा करावा लागतो. प्रत्येक मॉडेलसाठी सूचनेची वेगळी फाइल ठेवा.

आमच्या मते बहुतेक छोट्या ऑफिसांनी मराठी मसुद्यांसाठी विकतच्या मॉडेलपासून सुरुवात करावी, तिसऱ्या गठ्ठ्यासाठी १२ जीबीच्या कार्डावर जेमा ३ १२बी लावावं, आणि दर तिमाहीला तोच ५० कागदांचा संच दोन्हीकडे पुन्हा चालवावा. त्यात त्या तिमाहीत खरोखर चुकलेले पाच कागद घाला आणि सोपे पाच काढा. खुल्या मॉडेलची जी फाइल पास झाली ती, तिचा चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) आणि त्या दिवशीच्या परवान्याची प्रत वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. मूळ पान उद्या हटलं तरी तुमचं काम चालू राहील.